दूध सोडलेल्या आईचं बाळ

माझी मुलगी वैजयंती आता तिसरीत आहे. तिच्या शाळेच्या बाईंची तिच्याबद्दल एकच तक्रार असते, फार बोलते. प्रगतिपुस्तकावर तसा शेरा मारून त्या पालकांची सही मागतात. मी सही करते आणि बाईंसमोर तोंड गंभीर ठेवते. घरी आल्यावर मात्र तो शेरा आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई, पुन्हा पुन्हा वाचतो. सासूबाईंना अक्षरओळख नाही, म्हणून त्या मला मोठ्यानं वाचायला लावतात.

हीच मुलगी पाच महिन्यांची असताना गप्प झाली होती. गप्प म्हणजे रडणंसुद्धा बंद. तेव्हा मीही आजारी होते, आणि आम्हा दोघींच्या आजाराचं मूळ एकच होतं. ते मीच लावलेलं होतं, तेही मोठ्या भक्तिभावानं. एखाद्या बाईच्या उपयोगी पडेल म्हणून लिहायला बसले आहे. औषधांची अवघड नावं यात सापडणार नाहीत. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे, दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज जोडून देते. मला आवाजातलं कळतं, औषधातलं नाही.

सोडणं

लग्नानंतरच्या चार वर्षांत माझी दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी आले आणि तिसऱ्या आठवड्यात सप्तशृंगीच्या गडावर जाऊन आईसमोर उभी राहिले. म्हटलं, मूल पदरात घाल. ते पाच वर्षांचं होईपर्यंत दूधदुभत्याला तोंड लावणार नाही.

आपल्याकडे देवासाठी काही ना काही सोडतातच. माझ्या मामांनी पान सोडलं होतं, शेजारच्या काकूंनी वांगं. वांगं सोडायला काय लागतं? माझा स्वभाव पहिल्यापासून टोकाचा. जीव की प्राण असेल तेच सोडायचं, नाहीतर देवीला फसवल्यासारखं होईल, असं मला वाटलं. मला सायीचं दही भाकरीबरोबर असलं की दुसरं काही लागत नसे. म्हणून दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं सोडलं. खाली उतरताना प्रसादाचा पेढा कपाळाला लावला आणि यांच्या हातावर ठेवला.

माहेरी मटण, अंडी सगळं चालायचं. सासर माळकरी, त्यामुळे लग्नानंतर ते सुटलंच होतं. त्याचं मला कधी जड गेलं नाही. घरात कुणी माझ्या नवसाला नावं ठेवली नाहीत, उलट सगळ्यांना कौतुक. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत. आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या सुमनचा निग्रेव लय मोठा हाय. कोरा च्या पिती, पर तोंड वाकडं करत नाय." हे ऐकून मी आणखी ताठ व्हायची. त्यांचा 'निग्रेव' म्हणजे निग्रह.

दोन वर्षांनी दिवस राहिले.

ओ बाई, चप्पल!

सातव्या महिन्यात जीभ लालचुटुक झाली. साध्या वरणाचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी यायचं. "उष्णता झाली," म्हणून आत्याबाईंनी सब्जाचं पाणी सुरू केलं. मग पायांना मुंग्या. पंचवटीतल्या आमच्या घरून पुलावरून चालत ड्यूटीवर जाताना पायातली चप्पल कधी निसटायची ते मला कळायचंच नाही. मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ बाई, चप्पल!" आठवड्यातून दोनदा तरी. मी हसून परत फिरायची.

एक्स्चेंजच्या बोर्डावर लाईन जोडायच्या दोरीचं टोक बरोबर भोकात घालायचं असतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते न बघता जमायचं. आता बोटांना टोक लागलंय की नाही हेच कळेना, डोळ्यांनी बघून घालावं लागे. पोटुशी बाईला असं काहीबाही व्हायचंच, असं सगळ्या म्हणाल्या. मलाही तेच ऐकायचं होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझ्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणाले आणि लोहाचं काळं औषध दिलं. मग विचारलं, "घरी दूध असतं ना रोज?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "दुधाला काय तोटा? दोन लिटरचा रतीब हाय घरी."

त्या खोटं बोलल्या नाहीत. रतीब खरोखर दोन लिटरचा होता. मीही काही बोलले नाही. देवाचं बोलणं दवाखान्यात कशाला, असं मनात आलं. आणि खरं सांगायचं तर, मी जे सोडलं होतं ते माझं बळ आहे असं मला वाटत होतं. आजार सांगताना कुणी आपलं बळ सांगत बसतं का?

गुणाचं बाळ

वैजू सुखरूप जन्मली. वजन छान, रडणं खणखणीत. तिसऱ्या महिन्यात ती 'अग्गू अग्गू' करायला लागली तेव्हा मी पाळण्याशेजारी बसून उत्तरं द्यायची, "नंबर प्लीज?" मी मोठी रजा घेतली होती. अंगावरचं दूध भरपूर होतं, त्यामुळे वरचं काही दिलं नाही. बाळ अंगावरच वाढतंय याचाही आम्हाला अभिमान.

चौथा सरता सरता ती शांत व्हायला लागली. ठेवली तिथे पडून राहायची. भूक लागली तरी कुरकुर नाही. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "किती शहाणं बाळ!" आत्याबाई तिची दृष्ट काढायच्या. "लय गुणाची हाय पोर. आवाज नाय का तरास नाय." मलाही बरं वाटायचं. माझ्याच अंगात त्राण नव्हतं, रडकं मूल असतं तर मी काय केलं असतं, असा विचार मी केला होता. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग एका दुपारी शकुंतला आली. एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी. तिला दोन मुलगे, दोन्ही आरडाओरडा करणारे. तिनं वैजूला मांडीवर घेतलं, चुटक्या वाजवल्या, जीभ काढून दाखवली, चाव्या खुळखुळवल्या. वैजू तिच्याकडे बघेचना. मान तिच्या हातावर एका बाजूला पडली होती.

शकुंतलानं चाव्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "सुमन, ही शांत नाहीये गं. लाईन डेड आहे."

दिवसभर मी दुसऱ्यांच्या बंद लाईनी ओळखते, आणि घरच्या पाळण्यातली मला ओळखता आली नव्हती.

जीभ दाखवा

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलानंच आम्हाला लहान मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई साठीच्या, आवाज खडा. त्यांनी वैजूला बसतं करायचा प्रयत्न केला, डोक्याचे विरळ, भुरकट झालेले केस बघितले, बोटांच्या पेरांवर आलेला काळपटपणा बघितला. तो आम्हाला मळ वाटायचा, आत्याबाई रोज डाळीच्या पिठानं चोळत होत्या.

"हसते का?" बाईंनी विचारलं.

"महिन्यापूर्वी हसायची."

"जीभ दाखवा. बाळाची नाही, तुमची."

मी दाखवली. बाईंनी लगेच दोघींचं रक्त काचेवर घेतलं आणि दुपारी बोलावलं. दुपारी म्हणाल्या, "दोघींच्याही रक्तातल्या पेशी मोठ्या झाल्यात, फुगल्यासारख्या. नुसतं लोह कमी असलं तर असं होत नाही. काल उठल्यापासून निजेपर्यंत तुमच्या तोंडात काय काय गेलं, ते ओळीनं सांगा."

"दोन लिटरचा रतीब—" आत्याबाईंनी सुरुवात केली.

"आजी, तुम्ही नाही. यांना सांगू द्या."

मी सांगू लागले. सकाळी कोरा चहा. मग भाकरी, मेथीची भाजी. दुपारी भात, वरण, शेंगदाण्याची चटणी. चारला कोरा चहा.

"कोरा का?"

चुकीचा नंबर मागितला तर समोरचा कितीही खरं बोलला तरी आपलं माणूस मिळत नाही, हे मी नोकरीत रोज बघते. आजवर सगळ्यांनी घरात दूध येतं का हे विचारलं होतं. या बाईंनी बरोबर नंबर मागितला होता. मी सगळं सांगून टाकलं. गड, नवस, दोन गेलेली मुलं, सगळं.

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "किती वर्षं झाली?" एवढंच विचारलं.

"तीन उलटून गेली."

मग त्यांनी समजावलं. बी-बारा म्हणून एक जीवनसत्त्व असतं. ते भाजी-भाकरीत नसतं. मटण, अंडी, दूध यांतून मिळतं. माझं मटण-अंडं लग्नात सुटलं, दूध नवसात. अंगात होतं ते हळूहळू सरलं, उरलंसुरलं पोटातल्या बाळाला गेलं. "तुमचं दूध भरपूर आहे," बाई म्हणाल्या, "पण तिला हवी ती वस्तूच त्यात नाही."

"बरी होईल ना?"

"सुधारेल. आठ दिवसांत दिसायला लागेल. मेंदूला किती झळ लागलीय ते मात्र आज सांगता येणार नाही. उगाच धीर द्यायचा म्हणून मी काही बोलणार नाही."

मी रडले नाही. मला संताप आला. देवीचा नाही, स्वतःचा. ज्या मुलीसाठी सोडलं तिच्याच तोंडातलं मी काढून घेतलं होतं.

कुंकवाच्या रंगाचं औषध

आम्हाला तिथेच दाखल करून घेतलं. लांबट खोली, सहा खाटा, खिडकीतून दिसणारा शेवगा. सकाळी सिस्टर काचेच्या सिरिंजा उकळायच्या, तो खळखळाट ऐकला की सगळ्या आया आपापली पोरं छातीशी धरायच्या. मग वजनाचा काटा. पलीकडच्या खाटेवर पेठ तालुक्याकडची एक बाई होती, तिच्या मुलाला हगवण लागली होती. माझे पाय लटपटतात हे बघून ती न सांगता माझ्या तांब्यात पाणी भरून ठेवायची. तिचं नावही मी विचारलं नाही, याची रुखरुख आहे.

इंजेक्शन लालभडक होतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं. आत्याबाईंनी सिरिंज उजेडात बघितली आणि म्हणाल्या, "कुंकवाच्या रंगाचं हाय. चालंल." आधी वैजूला, मग मला.

खरा प्रसंग त्यानंतर आला. बाई म्हणाल्या, "इंजेक्शनानं तुमचा नवस मोडत नाही. पण मी जन्मभर सुई घेऊन तुमच्यामागे येणार नाही. आजपासून दूध सुरू करा."

"ते नाय व्हायचं," आत्याबाई ताडकन म्हणाल्या. "सुया टोचा. शंभर टोचा. दूध नाय."

बाई गेल्यावर आमची जुंपली. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"तू मोडलास, आन् पोरीला काय झालं तर?"

"आणि नाही मोडला, आणि झालं तर?"

"मी दोन पोरं जाताना बघितली तुझी. माझं काळीज ऱ्हायलं नाय आता."

त्या हट्टानं बोलत नव्हत्या, भीतीनं बोलत होत्या, आणि तीच भीती माझ्याही मनात होती. संध्याकाळी हे आले. हे लासलगावच्या बाजार समितीत कारकून, दिवसभर लिलावात उभे राहून कपड्यांना कांद्याचा वास. दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं दोघींचंही बरोबर आहे."

"मग तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं. ते खरोखरच बाहेर जाऊन बसले.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वैजू तशीच. दूध माझ्यासमोर येत होतं, मी ते परत पाठवत होते आणि आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर स्टीलचा ट्रे घेऊन खाटेपाशी आल्या आणि वैजूचे डोळे त्या चकाकीमागे फिरले. मला वाटलं, भास झाला. सिस्टरना ट्रे पुन्हा फिरवायला लावला. पुन्हा फिरले.

चौथ्या दिवशी सुई टोचली आणि वैजू रडली. टाहो फोडला म्हणा ना. आत्याबाई बाहेर नळावर लुगडं पिळत होत्या, त्या तशाच ओल्या हातांनी धावत आल्या. खोलीतल्या बाकीच्या बाया तिला गप्प करायला 'शू शू' करू लागल्या. आत्याबाई त्यांच्यावर ओरडल्या, "रडू द्या! कुणी गप करू नका तिला!" आणि स्वतः मटकन खाली बसून तिच्याबरोबर रडायला लागल्या. मीही रडले, इतक्या दिवसांचं.

बदली ड्यूटी

त्याच दिवशी चार वाजता आत्याबाई कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन ग्लास घेऊन आल्या. एकात दुधाचा चहा, एकात कोरा. दुधाचा माझ्या हातात दिला.

"हा तुझा. हा माझा."

"तुम्ही कोरा?" मी विचारलं.

"गडाकडं तोंड करून आईला सांगितलं म्या. उरलेली वरसं माझी. तुमच्या हापिसात नाय का तू सुट्टी घेतली की शकू येती तुझ्या जागेवर? तसंच."

"देवीला चालेल?"

"खुर्ची रिकामी नाय ऱ्हायली म्हंजे झालं."

ज्या बाईला दिवसातून सहा वेळा दुधाचा चहा लागायचा, तोही सायीसकट, तिनं कोऱ्या चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला म्हणाल्या, "कसा पीत व्हतीस गं हा?"

माझा चहा जिभेला झोंबला. तरी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. आत्याबाईंवर माझं आज जेवढं प्रेम आहे, त्यातलं अर्धंअधिक त्या ग्लासाचं आहे.

उपयोगाचं तेवढं

माझी जीभ आठवड्यात बरी झाली. पायांना वर्ष लागलं, अजूनही थंडीत डाव्या अंगठ्याला मुंग्या येतात. वैजूनं मान धरली आठव्या महिन्यात, बसली अकराव्यात, चालली दीड वर्ष उलटल्यावर. प्रत्येक वेळी शेजारची मुलं पुढे आणि ही मागे. प्रत्येक वेळी मी घाबरायची, आणि प्रत्येक वेळी ती उशिरा का होईना, पोचायची. या वर्षांत आत्याबाईंनी घरात एक कायदा केला. वैजूला कुणीही 'गप' म्हणायचं नाही. पाहुण्यांनीसुद्धा नाही.

आत्याबाईंनाही मी दर तीन महिन्यांनी त्या लाल इंजेक्शनासाठी धरून न्यायची. "मला कशाला? मला कुठं पोर पाजायचंय?" असं भांडत यायच्या.

आता माझ्यासारख्या बायांसाठी. नवस करू नका असं मी म्हणणार नाही, मी कोण सांगणार? पण पोटात किंवा अंगावर मूल असेल तर काय सोडलंय ते डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका. घरात काय येतं ते सांगू नका, तुमच्या तोंडात काय जातं ते सांगा. जीभ सोलवटली, चप्पल निसटायला लागली, तर हसण्यावारी नेऊ नका. आणि खेळणारं बाळ एकाएकी शहाणं झालं तर दृष्ट काढण्याआधी दवाखाना गाठा.

एकाचं औषध दुसऱ्याला लावू नका, हेही सांगते. गेल्या वर्षी यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त निघालं आणि डॉक्टरांनी यांची साय-लोणी बंद केली. एकाला सोड म्हणतात, एकीला घे म्हणतात, हे आत्याबाईंना मुळीच पटत नाही. त्या यांच्या ताटात हळूच तूप वाढतात आणि मी ते काढून घेते.

गडाखालचा चहा

वैजूला पाच पूर्ण झाली त्या दिवशी आम्ही चौघं गडावर गेलो. पायऱ्या वैजू स्वतःच्या पायांनी चढली आणि चढताना तोंडाचा पट्टा एक क्षण थांबला नाही. माकडं कुठे निजतात, देवीला इतके हात कशाला, ती जेवते कुठल्या हातानं. हे दमून मुके झाले होते. आत्याबाई देवीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

खाली आल्यावर एका हॉटेलात बसलो. मी आत्याबाईंसाठी दुधाचा चहा सांगितला, वर साय घालून. वैजू म्हणाली, मी देणार. दोन्ही हातांत कपबशी धरून, जीभ दातांत पकडून, ती एकेक पाऊल टाकत आली. साडेचार वर्षांपूर्वी याच हातांत खुळखुळा ठरत नव्हता. बशीत थोडा सांडला, पण पोचला.

आत्याबाईंनी कप तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"आजी, गोड आहे का? आजी, साय आली का? आजी, कसा लागतो? सांग ना. सांग ना गं आजी!"

"अगं, गप बस की जरा घडीभर," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही डोळे उघडले. कपबशी खाली ठेवली, आपल्याच गालावर हलकी चापट मारून घेतली आणि वैजूला मांडीवर ओढलं.

"नाय नाय," त्या म्हणाल्या. "बोल. तू बोल."